निष्कर्ष ही पुनरुक्ती आहे काय?

मित्रहो, मागच्या दोन व्याख्यानांत आपण संशोधनलेखाची सुरुवात पाहिली, म्हणजे प्रश्न कसा मांडला जातो आणि गृहीतके कुठे लपतात. आज शेवटाकडे वळू. या मालिकेच्या श्रोत्यांपैकी बरेच जण प्रबंध लिहीत आहेत, आणि त्यांचा एक प्रश्न वारंवार येतो. ‘सर, निष्कर्षात नेमकं लिहायचं काय? जे सांगायचं ते तर आधीच सांगून झालेलं असतं.’

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे तयार उत्तर संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात मिळते: उद्दिष्टांची आठवण करून द्या, निष्पत्ती मुद्द्यांत मांडा, मर्यादा सांगा, शिफारशी जोडा. लोणच्याची कृती असावी तशी ही कृती असते, आणि तिच्यात चूक काही नाही. पण निष्कर्ष मुळात लागतोच कशाला, याचे उत्तर त्या कृतीत नसते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हा वाद आपल्याकडे निदान दीड हजार वर्षे चालू आहे.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत आपण निष्कर्ष म्हणतो, उपसंहार म्हणतो, समारोप म्हणतो. निष्कर्षात ‘कृष्’ धातू आहे, ओढून बाहेर काढणे. म्हणजे आत जे होते तेच बाहेर काढायचे, बाहेरून आणून काही घालायचे नाही. उपसंहार म्हणजे पसरलेले आवरून एकत्र आणणे. समारोपाची मात्र गंमत आहे. बौद्ध तर्कशास्त्रात, विशेषतः धर्मकीर्तीच्या परंपरेत, ‘समारोप’ म्हणजे वस्तूवर तिच्यात नसलेला धर्म लादणे, चुकीचा आरोप करणे. आम्ही परीक्षक म्हणून वाचलेल्या कित्येक प्रबंधांची शेवटची प्रकरणे दोन्ही अर्थांनी समारोप होती. असो.

चौथा शब्द निगमन. आज मराठी तर्कशास्त्राच्या पुस्तकांत निगमन म्हणजे सामान्यावरून विशेषाकडे जाणारे अनुमान, विगमनाच्या उलट. पण न्यायदर्शनात हा एका वाक्याचा नाव-हुद्दा आहे. दुसऱ्याला पटवून देण्यासाठी केलेल्या अनुमानाचे पाच अवयव गौतमाने सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. कॉलेजात सगळे पर्वतावरचा धूर आणि अग्नी शिकतात. वात्स्यायनाच्या भाष्यातले उदाहरण वेगळे आहे, आणि आमच्या मते जास्त बोलके आहे. शब्द अनित्य आहे, ही प्रतिज्ञा. कारण तो उत्पन्न होतो, हा हेतू. जे जे उत्पन्न होते ते अनित्य असते, जसे थाळीसारखे भांडे, हे उदाहरण. शब्दही तसाच उत्पन्न होणारा आहे, हा उपनय. आणि म्हणून, उत्पन्न होत असल्यामुळे, शब्द अनित्य आहे, हे निगमन.

हे उदाहरण बोलके का? कारण धूर-अग्नीबद्दल कोणाचे भांडण नव्हते. शब्दाबद्दल होते. मीमांसकांच्या मते शब्द नित्य, आणि त्यावर वेदांचे अपौरुषेयत्व उभे. शब्द अनित्य म्हटले की समोरचा माणूस गप्प बसणार नव्हता. म्हणजे हे पाच अवयव रिकाम्या खोलीत उच्चारलेले नाहीत, समोर प्रतिपक्ष बसलेला आहे.

आता पहिले वाक्य आणि पाचवे वाक्य शेजारी ठेवा. दोन्ही तीच! गौतमाची निगमनाची व्याख्याही हेच सांगते: हेतूचा निर्देश करून प्रतिज्ञा पुन्हा उच्चारणे. आणि याच न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हार होण्याची जी बावीस ठिकाणे, निग्रहस्थाने, सांगितली आहेत त्यांत एक आहे ‘पुनरुक्त’. तेच तेच बोलाल तर हराल. म्हणजे पाचवा अवयव सांगितला तर पुनरुक्त, आणि गाळला तर ‘न्यून’, कारण अवयव कमी पडणे हेही निग्रहस्थानच. प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या श्रोत्याची अडचण हीच ना?

नैयायिकांनी वाट ठेवली होती. अनुवाद, म्हणजे प्रयोजन असलेली पुनरावृत्ती, त्यांनी पुनरुक्तातून वगळली. पण मग निगमनाचे प्रयोजन कोणते, ते दाखवायला हवे. इथे बौद्धांनी त्यांना गाठले.

दिङ्नागाच्या परंपरेत अवयव कमी होत गेले, आणि सातव्या शतकाच्या सुमाराचा धर्मकीर्ती तर फारच कडक. त्याच्या ‘वादन्याय’ या छोट्या ग्रंथाचा रोख असा: जे सिद्धीचे अंग नाही ते बोलणे हीच वादीची हार. प्रतिज्ञा आणि निगमन सिद्धीला काही देत नाहीत. जिथे धूर तिथे अग्नी, आणि इथे धूर आहे, एवढे सांगितले की संपले. हेतू समर्थ असेल तर निगमन फालतू, आणि हेतू लंगडा असेल तर निगमन त्याला पाय देऊ शकत नाही. जाणत्या माणसाला नुसता हेतू सांगितला तरी पुरतो, असेही तो म्हणतो. (या ग्रंथाची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांना तिबेटात मिळाली आणि १९३० च्या दशकात ती छापली गेली. तोवर हा युक्तिवाद मुळातून वाचायची आपल्याकडे सोयच नव्हती.) मीमांसकांनी तडजोड केली: पहिले तीन अवयव घ्या नाहीतर शेवटचे तीन, पाचही नकोत.

आम्हाला विचाराल तर धर्मकीर्तीचा घाव बरोबर बसतो. निगमनाने पुरावा वाढत नाही. निष्कर्षात आवाज चढवून, ‘निःसंशय’, ‘निर्विवाद’ असे शब्द पेरून जे लोक पुरावा वाढवू पाहतात, त्यांनी त्याला जरूर वाचावे.

पण नैयायिकांचे उत्तर त्याहून खोल आहे. वात्स्यायन दोन गोष्टी सांगतो. एक, पहिले चार अवयव निगमनामुळे एका ठिकाणी येतात, एकाच गोष्टीसाठी होते हे कळते. दोन, आणि ही महत्त्वाची, साध्याच्या विरुद्ध बाजूची शक्यता हटवणे हे निगमनाचे काम आहे. पुढे सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने तर्कसंग्रहावरच्या स्वतःच्या दीपिकेत प्रत्येक अवयवाचे प्रयोजन एकेका शब्दात दिले, तिथे निगमनासमोर लिहिले ‘अबाधितत्व’ आदी. म्हणजे काय? हे विधान दुसऱ्या बलवत्तर प्रमाणाने खोडले गेलेले नाही, आणि तेवढ्याच ताकदीचा उलटा हेतूही समोर उभा नाही.

जरा थांबून पाहा. वाक्य तेच आहे, ‘शब्द अनित्य आहे’. पण पहिल्यांदा उच्चारले तेव्हा ते उसनवारीवर होते, पुढे फेडीन या बोलीवर. शेवटी उच्चारले तेव्हा बोलणारा म्हणतो आहे: आम्ही विरुद्ध बाजू शोधली, आम्हाला अडवणारे काही सापडले नाही, सापडले असेल तर आता बोला. शब्द बदलले नाहीत, वाक्याचा दर्जा बदलला. पुनरुक्ती आणि निगमन यांत एवढाच फरक आहे, आणि तो लिहिणाऱ्याने कमवायचा असतो. ज्या प्रबंधात विरुद्ध बाजूचा विचारच नाही, तिथले शेवटचे प्रकरण खरोखरच नुसती पुनरुक्ती असते. तिथे आमचे मत धर्मकीर्तीला.

आणखी एक निग्रहस्थान इथेच सांगून टाकतो: प्रतिज्ञान्तर. मूळ प्रतिज्ञा अडचणीत आली की हळूच दुसरी पुढे करणे. विषय घेतला एका तालुक्यातल्या शाळांचा आणि निष्कर्ष काढला भारतीय शिक्षणव्यवस्थेचा, हे प्रतिज्ञान्तरच. निगमनात तीच प्रतिज्ञा यावी हा आग्रह म्हणूनच होता. वात्स्यायन असेही नोंदवतो की काही नैयायिक पाच नव्हे, दहा अवयव मानत: जिज्ञासा, संशय, शक्यप्राप्ती, प्रयोजन आणि संशयव्युदास हे जास्तीचे पाच. आज आपण संशोधन-आराखडा म्हणून जे भरून देतो ते जवळजवळ हेच! वात्स्यायनाने ते नाकारले. शोध घेताना ते उपयोगी पडतात, पण सिद्धीचे अवयव नव्हेत, असे त्याचे म्हणणे.

हा केवळ आपल्याकडचा घाट नाही. युक्लिडच्या भूमितीतल्या सिद्धांताचे सहा भाग प्रोक्लसने पाचव्या शतकात मोजून दाखवले, त्यातला शेवटचा भाग म्हणजे सुरुवातीचे विधान पुन्हा, जसेच्या तसे. मधल्या भागात सिद्धता एका विशिष्ट त्रिकोणाबद्दल चाललेली असते, शेवटी विधान परत ‘कोणत्याही त्रिकोणा’वर जाते. शाळेत आपण ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असे लिहीत होतो. त्यातले पहिले दोन शब्द न्यायशास्त्रातून आलेले, अर्थ थोडा बदलून. शेवटचे विधान मात्र आपल्यापैकी बहुतेक जण घाईत ‘इति सिद्धम्’ म्हणून उरकत असत.

इथवर लिहिणाऱ्याची बाजू झाली. वाचणाऱ्याची बाजू मीमांसकांनी सांगितली. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य काय, हे ठरवायच्या त्यांच्या खुणांत पहिली आहे उपक्रम आणि उपसंहार यांची जोडी. दोन्ही एकत्र पाहा, एकटे एक पाहू नका. मराठी वाचकाला ही कसोटी माहीत झाली ती लोकमान्य टिळकांमुळे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ उघडा. ‘विषयप्रवेश’ या पहिल्याच प्रकरणात टिळक ही मीमांसकांची कसोटी काढतात आणि गीतेला लावतात. आरंभी अर्जुन धनुष्य टाकून बसला आहे, शेवटी संशय फिटला, सांगाल ते करतो, असे म्हणून उभा राहतो आणि लढतो. मग मधल्या सतरा-अठरा अध्यायांचे तात्पर्य संन्यास कसे असेल? टिळकांचा कर्मयोगाचा निर्णय मान्य करा वा करू नका, पण मांडणी पाहा. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाचे पंधरावे आणि शेवटचे प्रकरण ‘उपसंहार’ या नावाचेच आहे. वाचक आपल्यालाही हीच कसोटी लावणार, हे त्यांना पक्के ठाऊक असणार.

आता आधुनिक विज्ञानाकडे येऊ. तिथे निष्कर्षाला एक नवी अडचण भेटली. वादसभेत प्रतिपक्षी एक असतो आणि तो समोर असतो. छापील पुस्तकाचा प्रतिपक्ष म्हणजे अख्खा समाज.

डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ नोव्हेंबर १८५९ मध्ये निघाले. शेवटच्या प्रकरणाचे नावच ‘पुनरावलोकन आणि निष्कर्ष’ या अर्थाचे आहे. त्या प्रकरणात मानवाबद्दल किती आहे? मानवाच्या उत्पत्तीवर आणि इतिहासावर प्रकाश पडेल, एवढ्या अर्थाचे एक वाक्य. पुढे एका आवृत्तीत ‘पुष्कळ’ हा शब्द वाढला. बाकीचे त्याने १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’साठी राखले. हा भित्रेपणा होता असे काही म्हणतात, आम्हाला तसे वाटत नाही. मानवाचा पुरावा या ग्रंथात मांडलेला नव्हता, म्हणून निगमनातही तो नाही. हिशेब चोख आहे. पण जानेवारी १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ग्रंथाच्या अगदी अखेरच्या वाक्यात, पहिल्या जीवांत प्राण फुंकला गेला त्या ठिकाणी, ‘निर्मात्याकडून’ अशा अर्थाचे शब्द घातले. कोणत्या पुराव्याने? कोणत्याच नाही. लोक बोलत होते म्हणून. १८६३ मध्ये मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात, लोकमतापुढे वाकून उत्पत्तीची धर्मग्रंथातली भाषा आपण वापरली, याची त्याने खंत व्यक्त केली. तरी अखेरच्या वाक्यातले ते शब्द १८७२ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तसेच राहिले. निष्कर्षात एकदा शिरलेली गोष्ट बाहेर काढणे फार जड जाते, बरं का.

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा लेख याच्या उलट टोकाचा. २५ एप्रिल १९५३, ‘नेचर’, जेमतेम पानभर मजकूर. अखेरीस एक वाक्य येते: जोड्या जुळण्याच्या या रचनेतून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल हे सुचते, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही, अशा अर्थाचे. क्रिकला सविस्तर लिहायचे होते, वॉटसनला रचनाच चुकीची निघेल अशी धास्ती होती. हे वाक्य म्हणजे दोघांमधली तडजोड, असे क्रिकने पुढे सांगितले. सविस्तर मांडणी ३० मे च्या अंकात आली. पुष्कळ लोक या वाक्याचे कौतुक नम्रता म्हणून करतात. आम्हाला ते जागा अडवून ठेवल्यासारखे वाटते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसे. खरे मोजमाप त्याखालच्या आभाराच्या परिच्छेदात आहे, जिथे विल्किन्स आणि रोझालिंड फ्रँकलिन यांच्या अप्रकाशित प्रयोगांचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे.

आता ज्या लेखासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येऊ. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचे मानववंशशास्त्राचे चर्चासत्र. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर निबंध वाचतात: ‘कास्ट्स इन इंडिया’. पुढच्या वर्षी मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला. त्यात ते सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या तपासतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती, जातीत जन्मलेल्यांनाच प्रवेश आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर म्हणतात, ही दोन नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बहिर्विवाहाच्या जुन्या रीतीवर अंतर्विवाह लादला गेला, तिथे जात जन्मली. तो टिकवायचा तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे, म्हणून सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह. पुरोहितवर्गाने आधी स्वतःला कोंडून घेतले, इतरांनी अनुकरण केले, जे उरले ते बहिष्काराने बाहेर पडून वेगळे झाले. अनुकरणासाठी आधार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांचा.

आणि शेवट. आधी चार मुद्दे, अगदी मोजके. हिंदू समाज मिश्र असला तरी त्यात खोल सांस्कृतिक ऐक्य आहे. जात म्हणजे त्या मोठ्या घटकाचे तुकडे पाडणे. सुरुवातीला जात एकच होती. वर्गांच्या जाती झाल्या त्या अनुकरणाने आणि बहिष्काराने. हे निगमन, शास्त्राप्रमाणे. त्यानंतर जे येते ते मात्र त्या काळच्या लेखांत सहसा दिसत नाही. या विषयाकडे पाहण्याची रीत भावनेची नव्हे, शास्त्राची हवी, असे ते म्हणतात. आपली मांडणी कोणी सकारण उद्ध्वस्त केली तर आनंदच होईल. आणि अगदी अखेरीस: जातीचा सिद्धांत मांडण्याची मला आकांक्षा आहे, पण तो टिकत नाही असे दाखवून दिले तर तितक्याच तयारीने तो सोडून देईन.

कोण हे बोलतो आहे, याचा विचार करा. ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, तो मुलगा. जातीबद्दल भावनेने बोलायचा अधिकार त्या सभागृहात कोणाला असेल तर त्यालाच होता. त्याने तो बाजूला ठेवला. निबंधात उपाय नाहीत, शिफारशी नाहीत. प्रश्न जातीच्या उगमाचा होता, तर निष्कर्षही उगमाचाच आहे. आजच्या प्रबंधांत शेवटचे प्रकरण ‘निष्कर्ष व शिफारशी’ या जोडनावाने येते, आणि शिफारशींचा निष्कर्षाशी संबंध लग्नात आलेल्या पाहुण्यांपैकी दूरच्या नातेवाइकाइतका असतो. १९१६ च्या या निबंधात अबाधितत्व खऱ्या अर्थाने आहे: बाध दाखवा, मी हटतो.

वीस वर्षांनंतरचा प्रसंग शेजारी ठेवू. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण आधी लिहून झाले. मंडळाला त्यातला शास्त्रप्रामाण्यावरचा हल्ला आणि हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख खटकला, काही मजकूर गाळावा असा आग्रह झाला. आंबेडकरांनी कळवले की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद झालीच नाही, भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’.

सिद्धांत सोडायला तयार असणारा माणूस आणि स्वल्पविराम न सोडणारा माणूस एकच आहे, आणि यात विसंगती नाही. लाहोरहून आली ती नाराजी होती, बाध नव्हता. डार्विन जिथे वाकला तिथे आंबेडकर वाकले नाहीत, असे म्हणताना आम्ही डार्विनला लहान करत नाही. पण दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचावेत एवढे नक्की सुचवू.

एक बारीक गोष्ट राहिली. ‘अ‍ॅनिहिलेशन’च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, डिसेंबर १९४४ मध्ये, ते लिहितात की ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध त्यात सामावून पुस्तक नव्याने लिहायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही, म्हणून दुसरी आवृत्तीच पुन्हा छापतो. वेळेचे कारण खरेच असणार, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पण आम्हाला वाटते, ते काम वेळ असूनही सोपे गेले नसते. १९१६ चा निबंध म्हणतो की शास्त्रकारांनी उपदेश करून जात निर्माण केलेली नाही, मनूलाही ते शक्य नव्हते. १९३६ चे भाषण म्हणते की शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा मोडल्याशिवाय जात मोडणार नाही. एक प्रश्न जात कशी आली याचा, दुसरा ती कशी टिकली आणि कशी जाईल याचा. दोन प्रतिज्ञा, दोन निगमने. ती जोडायला मधले अवयव नव्याने लिहावे लागले असते, आणि ते काम पुढच्या अभ्यासकांकडे आले. दोन्ही मजकूर मराठीत उपलब्ध आहेत. पुढच्या वेळेपर्यंत निदान त्यांची अखेरची तीन-तीन पाने वाचून या, मग प्रश्नोत्तरे घेऊ.